मोबाईलवरील बटणे आणि मधले अंतर



उसाच्या दोन सऱ्यांत अंतर किती ठेवावे, यावर आपण पारावर तासन् तास बोलतो. अडीच-तीन फुटांची सरी सोडून चार-पाच फुटांवर येताना पुष्कळांना वाटले, रान वाया जाणार. पण ऊन-वारा आत शिरला, मशागतीला वाट मिळाली, आणि मोकळी जागाही कामाचीच असते हे पटले. मोबाईलवरील बटणांचेही तसेच आहे.

आता हा विषय आपल्या पत्रकात कशाला, असे कोणी म्हणेल. तर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची वेळ आली. २०२२ साली साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप आणले. पूर्वी चिटबॉय बांधावर येऊन वहीत लिहून घेई. आता बोट आपले आणि जबाबदारीही आपली. आडसालीऐवजी सुरू, किंवा लागणीऐवजी खोडवा दाबला गेला, तर नोंद चुकते, आणि नोंदीवरच तोडीचा क्रम लागतो. उभ्या उसाला तुरा येऊन वजन घटले, तर ते नुकसान बोटाच्या एका चुकीचे असू शकते.

चूक का होते? बटणे पडद्याच्या वर किंवा खाली एका पट्टीत मांडलेली असतात. पट्टी अरुंद, बटणे दाटीने, आणि आपली बोटे खुरपे-पाट्याची. बोट टेकते तेव्हा ते टोकाने नव्हे, चांगल्या रुंद ठशाने टेकते. ठसा दोन बटणांवर पडला की कोणते दाबले गेले ते नशिबावर!

यासाठी मापे ठरलेली आहेत. अँड्रॉइड फोनसाठी गूगलची शिफारस अशी, की दाबण्याची जागा किमान ४८ डीपी लांब-रुंद असावी व दोन बटणांत ८ डीपी अंतर असावे. (हा डीपी म्हणजे शिवारातला विजेचा नव्हे! एका इंचाचे सुमारे १६० भाग केले, तर त्यातला एक भाग.) ॲपल कंपनी आपल्या फोनसाठी ४४ पॉइंटांचे माप सांगते.

हिशेब करून पाहू. पुष्कळ फोनचा पडदा ३६० डीपी रुंद धरला जातो. पाच बटणांना २४० लागले, उरले १२०. दोन्ही कडा धरून सहा फटी, म्हणजे प्रत्येकी २०. उत्तम. सहा बटणे बसवली तर फट दहाच्या आसपास, चालेल. सात बसवली की फट ३ वर येते. तेथे चूक ठरलेलीच. सबब जादा बटणे तीन टिंबांच्या यादीत टाकावीत.

अंतर दोन प्रकारचे असते. एक बटणाच्या बाहेरचे. ते बांधासारखे, तेथे दाबले तर काही होत नाही. दुसरे बटणाच्या आतले. चित्र लहान दिसले तरी भोवतालची जागा दाबली की काम होते. चांगल्या मांडणीत दोन्ही लागतात. ‘पाठवा’ आणि ‘रद्द करा’ ही दोन बटणे तर एकमेकांपासून लांबच हवीत.

सभासदांनी एवढे करावे :

१. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले साइज’ थोडा वाढवून पाहावा. बटणे मोठी होतात. मात्र फार वाढवल्यास काही बटणे पडद्याबाहेर जातात, तेव्हा एक-एक पायरीनेच वाढवावे.

२. बोट ओले किंवा मातीचे असताना नोंद करू नये.

३. ‘पाठवा’ दाबण्यापूर्वी गट नंबर, लागणीची तारीख, उसाची जात व हंगाम मोठ्याने वाचावा. घरातील शिकल्या मुला-मुलीला शेजारी बसवावे.

४. चूक ध्यानात येताच, त्याच दिवशी संबंधित कार्यालयाला कळवावे. तोडीपर्यंत थांबू नये.

आणि उद्या सभासदांसाठी एखादे ॲप करून घ्यायचे ठरले, तर करणाऱ्याला प्रथम सांगावे, की ते ऊसतोडीच्या फडात, भर उन्हात, साठीच्या सभासदाच्या हातात देऊन पाहा. त्याच्या अंगठ्याला जे बटण बिनचूक सापडेल, तेच बटण नीट बसले असे समजावे.