लाव्हा पाण्याला भेटतो तेव्हा...

तापमान : बेसाल्टचा लाव्हा साधारण १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअसला वाहतो. तव्यावर थेंब नाचतात तसे इथेही होते : मध्ये वाफेचा पातळ पडदा तयार होतो आणि उष्णता हळू निसटते. पडदा फाटला, की पाण्याची वाफ होते, आकारमान सुमारे १,७०० पट फुगते आणि स्फोटही होऊ शकतो.

काच की स्फटिक? : झटक्यात थिजलेल्या कवचात स्फटिकांना वाढायला वेळच मिळत नाही, म्हणून काच. आतला भाग सावकाश निवतो, तिथे स्फटिक.

उशी लाव्हा : पाण्याखाली थिजलेले गोलसर गोळे. मुंबई परिसरात आढळतात.

धाराशिव जिल्ह्यात : नळदुर्गचा किल्ला ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो दख्खनच्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतला. लाव्ह्याचे हे थर मुख्यतः जमिनीवर, हवेत निवले. आकुंचनाने पडलेल्या भेगांतून पाणी मुरते. विहिरींना त्याच पाण्याचा आधार.

माणसाचा प्रयोग : आइसलँडच्या हेमाए बेटावर १९७३मध्ये बंदर वाचवण्यासाठी लाव्ह्यावर समुद्राचे पाणी मारले. सुमारे ६० लाख घनमीटर!