धुरकऱ्याचा दाखला

शंकरपटाचे आणि बैलगाडा शर्यतीचे कागद मी बऱ्याच वर्षांपासून जमवतो आहे. निकालपत्रं, अधिसूचना, शासनाची परिपत्रकं, परवानगीच्या अर्जांचे नमुने, बैलाच्या तपासणीचे दाखले, जे हाती लागेल ते. खानदेशातल्या असोद्याच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला बैलाचा नाद असतोच. कागदांचा नाद लागला तो एका शंकेपायी. एवढ्या मोठ्या चळतीत बैलाच्या खुरापासून वशिंडापर्यंत सगळं सापडतं, मालक सापडतो, आयोजक सापडतो, कलेक्टर सापडतो. सापडत नाही तो गाडीवर उभा राहणारा माणूस. धुरकरी म्हणा, गाडीवान म्हणा, सातारा-सांगलीकडे म्हणतात तसं जॉकी म्हणा. त्याचा माग काढताना जे हाती आलं, ते इथे मांडतो आहे.

बंदीचा इतिहास वाचकांना ढोबळपणे ठाऊक आहे, तेव्हा भराभर पुढे जाऊ. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या पंक्तीला बैल बसवला आणि त्याचे खेळ करण्यास मनाई केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने शर्यती बंद केल्या. १२ मार्च २०१२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली. ७ मे २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि आपल्या शर्यती एकाच निकालात थांबवल्या. ७ जानेवारी २०१६ला केंद्राने सवलत दिली आणि पाचच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या कायद्यात दुरुस्ती केली, तीही उच्च न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्रासह तीन राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

या तारखांच्या मागे एक अर्ज आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तमिळनाडूत मुनियासामी तेवर नावाच्या गृहस्थाने गावच्या उत्सवात रेकला शर्यत घेण्याची परवानगी मागितली होती. रेकला म्हणजे हलक्या दोनचाकी बैलगाडीची शर्यत, आपल्या छकड्याच्या शर्यतीची सख्खी बहीण. पोलिसांनी नकार दिला, म्हणून तो उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात गेला. मार्च २००६मध्ये न्या. आर. भानुमती यांनी त्याला परवानगी तर दिली नाहीच, उलट जल्लिकट्टू आणि बैलांच्या शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. पुढच्या वर्षी द्विसदस्य खंडपीठाने तो आदेश फिरवला, नियमन करून खेळ चालू द्या असं सांगितलं. त्याविरुद्ध प्राणी कल्याण मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथून २०१४च्या निकालापर्यंत वाट पोचली. देशभर गाजला तो जल्लिकट्टू. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जानेवारी २०१७मध्ये माणसांचा समुद्र लोटला तो जल्लिकट्टूसाठी. पण न्यायालयाची पायरी आधी चढली होती ती बैलगाडी, आणि शर्यतीला हो म्हणा एवढंच तिचं मागणं होतं.

२०१४चा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्यात राज्यघटनेचा अनुच्छेद ५१-अ आहे, प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांची आंतरराष्ट्रीय कल्पना आहे. पण माझं मन अडकतं ते बैलाच्या शरीररचनेच्या भागावर. मंडळाने न्यायालयापुढे मांडलं की बैलाचं पोट आणि छाती मोठी, सगळं शरीर पिंपासारखं. सांधे फार वाकत नाहीत. असं भारदस्त, ताठ शरीर वेगाने धावायला अनुकूल नाही. त्याला धावायला लावायचं तर भीती किंवा वेदना द्यावी लागते. त्या वेदनेची यादीही आहे: शेपूट पिळणं, शेपूट चावणं, आरीने टोचणं, आसूड. ही यादी खोटी नाही. ज्यांनी पट पाहिले आहेत त्यांनी हे सगळं पाहिलेलं आहे, मीही पाहिलं आहे. त्या निकालाला शेतकरीद्वेष्टा म्हणणं मला कधीच पटलं नाही. मुक्या जनावराची बाजू इतक्या बारकाईने मांडणारा दुसरा निकाल मला माहीत नाही.

महाराष्ट्राने यावर दिलेलं उत्तर अधिक विलक्षण आहे. ऑक्टोबर २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांच्या खंडपीठाने सांगितलं की बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही आणि नियम करून निसर्ग बदलता येत नाही. मग शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली. विषय एकच: बैलाची धावण्याची क्षमता. त्या समितीने बैल धावू शकतो असा अहवाल दिला आणि २०२१च्या सुनावणीत राज्याने त्याचा आधार घेतला. ज्या राज्यात पोळ्याला बैलाच्या पाया पडतात, त्या राज्याला बैल पळतो हे शास्त्राने सिद्ध करून दिल्लीला न्यावं लागलं. मला यात कमीपणा दिसत नाही. उलट आपण बैलाकडे एवढ्या शास्त्रीय नजरेने पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. बंदीने ते करायला लावलं.

खानदेशाने या वादात फारसा आवाज काढला नाही, पण बोलायला आपल्याकडे बरंच होतं. खिल्लार जातीचे जे चार प्रकार पशुतज्ज्ञ सांगतात, त्यात आटपाडी महाल, म्हसवड आणि नकली यांच्या जोडीने चौथा आहे तापी थिल्लारी. तो आपल्या पश्चिम खानदेशातला, सातपुड्याच्या पायथ्याचा. पलीकडे निमाडात तांबूस अंगावर पांढरे छप्पे असलेला निमाडी बैल, तोही जळगाव जिल्ह्यात जागोजाग दिसे. शर्यत बंद झाली त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली: २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. ट्रॅक्टरने नांगरट घेतलेली, शर्यत बंद, म्हातारा बैल विकायचा तर गिऱ्हाईक नाही. देशी गोवंशाची संख्या २०१२च्या पशुगणनेत देशभरात १५.१२ कोटी होती, २०१९च्या गणनेत ती १४.२१ कोटींवर आली. शर्यतबंदी हेच त्याचं कारण असं म्हणणं चुकीचं ठरेल. संकरित गाय, यंत्र, चाऱ्याची टंचाई ही मोठी कारणं आहेत. पण थिल्लारी गोऱ्हा हौसेने सांभाळण्याचं एक कारण गेलं, हे नाकारता येत नाही.

इकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरत राहिला. घोड्याच्या शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच कौशल्याचा खेळ ठरवलं होतं. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॉकीला परवाना असतो, शर्यतीआधी आणि नंतर त्याचं वजन होतं, आडवा घोडा घातला तर पंच चौकशी करतात, ठरावीक मुदतीसाठी त्याला बसवून ठेवतात. म्हणजे घोड्याच्या खेळात स्वार हा नोंद असलेला माणूस आहे. चुकला तर त्याची चूक लिहिली जाते, पडला तर त्याचं पडणंही.

याहून टोकाचं उदाहरण इंग्लंडातल्या स्पीडवेचं. मातीच्या लंबगोल वाटेवर चार जण ५०० सीसीच्या मोटारसायकली पळवतात. गाडीला ब्रेक नाही, गिअर एकच, चार फेऱ्या आणि खेळ संपला. हाडं मोडणं तिथे नित्याचं. म्हणून तिथल्या लीगने गैरहजेरीचं एक पक्कं शास्त्र बनवलं. स्वार आला नाही तर डॉक्टरचा दाखला लागतो. दाखला असेल तर संघाला त्याच्या जागी पाहुणा स्वार घेता येतो, किंवा त्याच्या वाट्याच्या फेऱ्या सोबत्यांमध्ये वाटता येतात. दाखल्याशिवाय दांडी मारली तर काही दिवसांची बंदी. या दाखल्यांवरून तिथे भांडणंही पुष्कळ होतात: अमक्याचा खांदा खरंच दुखावला होता की दुसऱ्या देशातली जास्त पैशांची शर्यत गाठायची होती? माझा जीव रमतो तो या भांडणांत. कारण दाखल्यावरून भांडण व्हायचं तर आधी दाखला असावा लागतो. स्वाराचं शरीर ही खेळाची बाब आहे हे सगळ्यांनी मान्य केलेलं असावं लागतं.

आपल्याकडे दाखला आहे, तो बैलाचा. २०१७ची दुरुस्ती आणि तिच्याखालचे नियम वाचले की बैलाभोवतीचं कुंपण स्पष्ट दिसतं. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी हवी. धाव १००० मीटरपेक्षा लांब नको. पशुवैद्यकाने बैल तपासून तो धडधाकट असल्याचं लिहून द्यायचं. काठी, चाबूक, विजेचा झटका देणारं यंत्र चालणार नाही. जनावराला यातना दिल्या तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड. हे सगळं योग्यच आहे आणि मनापासून पाळलं जावं असं मला वाटतं. पण गाडीवान या नियमांत येतो तो प्रामुख्याने त्याने काय करू नये हे सांगण्यापुरता. बैलाचा ताप पाहिला जातो. गाडीवानाचा खांदा मागच्या आठवड्यात निखळला होता का, रात्री त्याला झोप मिळाली का, हे कुणी विचारत नाही.

आणि त्याचं काम काय, ते पाहा. छकडा म्हणजे दोन चाकं, एक आस, पुढे निमुळती होत गेलेली दांडी. बसायला धड जागा नाही. धुरकरी वाकून, जवळजवळ बैलांच्या पुठ्ठ्यांवर रेलून उभा असतो. हातात कासरा, पायाखाली हादरणारं लाकूड. झेंडी पडली की जोडी सुटते आणि सगळा निकाल काही सेकंदांत लागतो. पुणे जिल्ह्यातल्या घाटांची रीत वेगळी, तिथे गाड्यावर माणूस नसतो, पुढे घोडी पळते. शंकरपटात आणि छकड्याच्या शर्यतीत मात्र माणूस गाडीवरच असतो. एक बैल बुजला, जू सुटलं, चाक चाकोरीबाहेर गेलं, की पहिला तोच खाली येतो आणि बहुधा चाकासमोरच येतो.

बंदीच्या वर्षांत तर त्याचं दुखणं सांगण्याचीही सोय राहिली नाही. बंदी असताना शर्यती झाल्याच नाहीत असं कुणी म्हणणार नाही; गुन्हे दाखल झाले ते त्यामुळेच. अशा चोरून घेतलेल्या शर्यतीत जखमी झालेल्या माणसाने सरकारी दवाखान्यात जाऊन खरं कारण सांगितलं तर पोलिसांना कळवलं जाणार, मग तो केसपेपर आयोजकावर, मालकावर आणि त्याच्या स्वतःवर पुरावा ठरणार. म्हणून गाडीवरून पडलो, बैलाने ढकललं, असं सांगायचं. शेतकऱ्याच्या घरात हे कारण कुणालाही खरं वाटतं. त्या दहा वर्षांत किती धुरकरी जायबंदी झाले याचा हिशेब लागण्याची वाट तिथेच बुजली. प्राण्यांवरच्या क्रौर्याचे अहवाल छायाचित्रांसह न्यायालयात गेले आणि गेले ते चांगलंच झालं. धुरकऱ्याच्या मोडलेल्या हाडांचा अहवाल कुणी, शर्यतीच्या बाजूच्या वकिलांनीही, नेल्याचं मला आढळलं नाही. त्यांना परंपरा सिद्ध करायची होती आणि परंपरेत अपघात दाखवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

बंदी उठल्यावर पैसा आला. मे २०२२मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या शर्यतीत बक्षीस म्हणून चक्क जेसीबी होता. बक्षीस बैलाच्या मालकाच्या नावावर जातं. गाडीवानाचा वाटा तोंडी ठरतो आणि तो मालकाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून असतो. मालक वाईट असतात असं मी म्हणत नाही. जखमी धुरकऱ्याचा दवाखाना स्वतःच्या खिशातून करणारे मालक मला माहीत आहेत. पण जेसीबीची किंमत लागणाऱ्या खेळात एका माणसाचं शरीर दुसऱ्याच्या भलेपणावर सोडणं मला मान्य नाही.

आपल्या खानदेशातल्या बारागाड्यांकडेही याच नजरेने पाहावं लागेल. एकीला एक बांधलेल्या बारा गाड्या, त्यावर बसलेली माणसं आणि बैलांच्या जागी गाड्या ओढणारा भगत. जू ओढायला बैल नसल्यामुळे प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा तिथे लागत नाही, पशुवैद्यकाची गरज नाही. भगताच्या छातीचा, गुडघ्याचा कागद मात्र तिथेही कुणी मागत नाही. गाड्यांखाली माणूस सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पुढच्या यात्रेची तयारी करतो.

उपाय अवघड नाही आणि त्यासाठी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जायची गरज नाही. नियम करण्याचा अधिकार राज्याकडे आहे. आयोजकाच्या अर्जाला बैलाच्या दाखल्यासोबत गाडीवानाचंही एक पान जोडता येईल. नाव, वय, एमबीबीएस डॉक्टरने दिलेला प्रकृतीचा दाखला, डोक्यावर हेल्मेट, अपघात विमा आणि त्याचा हप्ता आयोजकाकडून. अठरा वर्षांखालच्या पोराला गाडीवर चढू द्यायचं नाही. डोक्याला मार लागलेल्याला ठरावीक दिवस पुन्हा उतरू द्यायचं नाही, मालकाने कितीही गळ घातली तरी. धुरकरी ऐनवेळी आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हे नाव आदल्या दिवशीच लिहून द्यायचं, म्हणजे गर्दीतून कुणाही हौशी पोराला छकड्यावर चढवलं जाणार नाही. आणि आरीने टोचणाऱ्या गाडीवानाला दंडापलीकडे पुढच्या पटांतून नावानिशी बाद करता येईल. आज ते जमणं कठीण, कारण त्याच्या नावाची नोंद मला तरी कुठे सापडत नाही. बैलाचं रक्षण करायचं असेल तरी धुरकऱ्याची नोंद लागेल.

नोंद झाली की ती पडताळायला शर्यतीची चित्रफीत तयारच असते. मोबाईलवरचे व्हिडिओ गावोगाव फिरतात, बैलांची नावं पोराटोरांना पाठ असतात. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या एखाद्या यात्रा समितीने पुढच्या मोसमात स्वतःहून हे पान अर्जाला जोडलं, तर जिल्हाधिकारी कार्यालय ते परत पाठवणार नाही. नमुना मी करून ठेवला आहे. दोन्ही बाजूंनी एकच कागद आहे, एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला गाडीवान. ज्या समितीला हवा असेल तिने असोद्याला येऊन घेऊन जावा.