हिवाळ्यातले युनिट आणि उभे पॅनेल

पुण्यात छतावर सौरपॅनेल बसवताना त्याला पंधरा-वीस अंशांचा कल देतात, तोंड दक्षिणेकडे करतात आणि विषय तिथेच संपतो. ते योग्यही आहे. पुण्याचा अक्षांश १८.५, दक्षिणायनाच्या शेवटच्या दिवशीही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. महाराष्ट्रातल्या सौरविजेला खरी अडचण येते ती पावसाळी ढगांची, हिवाळ्याची नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची गोष्ट वेगळी आहे. ४७.४ अंश उत्तरेवरच्या या शहरात डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो आणि माध्यान्हीचा सूर्य १९ अंशांच्या फारसा वर चढत नाही. तरीही तिथली बहुतेक पॅनेल वर्षभराची बेरीज जास्तीत जास्त व्हावी याच हिशेबाने बसवली गेली. ही बेरीजच उत्तरेकडच्या देशांची दिशाभूल करते, असे माझे म्हणणे आहे. वर्षाची युनिटे न मोजता हिवाळ्याची मोजली, तर पॅनेलचा कल, जागा आणि उंची या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलतात.

स्वित्झर्लंडची निम्म्याहून अधिक वीज पाण्यापासून बनते. उन्हाळ्यात बर्फ वितळून नद्या भरून वाहतात तेव्हा वीज मुबलक असते. हिवाळ्यात डोंगरावरचे पाणी गोठून राहते, नद्या रोडावतात आणि नेमकी तेव्हाच घरे तापवण्यासाठी विजेची मागणी वाढते. धरणांतल्या साठ्यातून सुमारे ९ अब्ज युनिटे मिळू शकतात, पण तेवढ्याने हिवाळा निघत नाही आणि बहुतेक हिवाळ्यांत शेजारी देशांकडून वीज घ्यावी लागते. सखल भागातल्या नेहमीच्या छतावरचे पॅनेल वर्षभरातल्या विजेपैकी साधारण चौथा हिस्सा किंवा थोडा जास्त ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत देते. म्हणजे नद्या दुथडी भरलेल्या असताना ते भरभरून देते आणि टंचाईत हात आखडते. जून महिन्यातले एक युनिट आणि जानेवारीतले एक युनिट यांची किंमत सारखी धरणे हाच मुळातला घोटाळा आहे.

आता कोनांचा हिशेब पाहू. थेट उन्हाचा किती भाग पॅनेलच्या पदरात पडतो, हे ऊन किती काटकोनात येते यावर ठरते. झुरिकला डिसेंबरच्या माध्यान्ही सपाट ठेवलेल्या पॅनेलला थेट उन्हाचा एक तृतीयांश भाग मिळतो. ३० अंशांच्या छतावर हे प्रमाण ७६ टक्के होते, ७० अंशांवर जवळजवळ पूर्ण आणि भिंतीसारख्या उभ्या पॅनेलवर ९४ टक्के. जूनमध्ये हेच उलटते. सूर्य ६६ अंशांवर असताना ३० अंशांचे पॅनेल सगळे ऊन घेते, तर उभ्या पॅनेलला ४० टक्क्यांच्या आसपासच मिळते. उन्हाळ्यातली ही घट अनेकांना तोटा वाटते. मला ती सोय वाटते, कारण जेव्हा ग्रीडला वीज नकोशी होते त्याच वेळी हे पॅनेल आपोआप आवरते घेते. सूर्याच्या वाटेचाही इथे मोठा हात आहे. डिसेंबरमध्ये तो झुरिकला पूर्वेच्या ३६ अंश दक्षिणेला उगवतो आणि तितकाच दक्षिणेकडे सरकून मावळतो. त्यामुळे दक्षिणमुखी उभ्या पॅनेलच्या समोरून तो दिवसभर हलत नाही. पूर्व-पश्चिम तोंडाच्या, जेमतेम दहा अंश कलाच्या पॅनेलवर मात्र तो तिरकाच घसरत जातो.

यात बर्फाची भर पडली की चित्र आणखी पालटते. गवताळ जमीन अंगावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे पाचवा भाग परत फेकते, ताजा बर्फ ८० टक्क्यांहून अधिक. उभ्या पॅनेलच्या दृष्टिक्षेत्राचा अर्धा भाग जमिनीने व्यापलेला असतो, म्हणून हा परावर्तित प्रकाश त्याला भरपूर मिळतो. ३० अंशांच्या पॅनेलला जमीन फक्त सात टक्के दिसते. शिवाय थंडीत सिलिकॉनच्या सेलची कार्यक्षमता वाढते. नेहमीच्या कलावर बर्फ साचून राहतो, उभ्या काचेवरून तो घसरून पडतो. याबाबत एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. जुन्या रचनेच्या पॅनेलमधल्या सेलचे तीन गट लांबीच्या दिशेने गुंफलेले असतात. असे पॅनेल उभट बसवले आणि खालच्या कडेला दोन-चार बोटे बर्फ साचला, तर तिन्ही गटांचे तळ झाकले जातात आणि वरचा सगळा भाग उन्हात असूनही वीज जवळजवळ थांबते. तेच पॅनेल आडवे लावले तर एकच गट बाद होतो, दोन चालू राहतात. दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारी पॅनेल आता सर्रास मिळतात. समोर बर्फ चिकटलेला असला तरी मागून येणाऱ्या उजेडाने ती थोडी तापतात आणि बर्फ लवकर सुटतो.

हे नुसते कागदावरचे गणित राहिलेले नाही. आनेलेन काल, जेरोम दुजार्दां आणि मिखाएल लेनिंग या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात दाखवून दिले, की उंचावरचे ऊन, बर्फाचे परावर्तन आणि चढा कल यांचा मेळ घातला तर हिवाळ्यातली तूट बरीच भरून निघते. ग्लारुस प्रांतात २५०० मीटरच्या सुमारास मुटझे धरणाच्या भिंतीवर २०२२ मध्ये सुमारे पाच हजार पॅनेलचा प्रकल्प पूर्ण झाला. सामान हेलिकॉप्टरने न्यावे लागले. २.२ मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प वर्षाला ३३ लाख युनिटांच्या अपेक्षेने उभारला गेला, आणि त्यातली निम्मी हिवाळी सहामाहीतली. प्रति किलोवॉट हा आकडा हिवाळ्यात ७५० युनिटांवर जातो. सखल भागातल्या छताला त्याच काळात २५० ते ३०० मिळाली तरी पुष्कळ.

यावर पहिला आक्षेप ढगांचा, आणि तो वजनदार आहे. उत्तरेचा हिवाळा मळभाचा. मळभ असताना प्रकाश सगळ्या आकाशातून येतो आणि उभ्या पॅनेलला आकाशाचा अर्धाच भाग दिसतो. झुरिक-बर्नच्या पठारी पट्ट्यावर दिवसचे दिवस धुके दाटते, तिथे उभ्या पॅनेलचा फायदा खरोखरच घटतो. पण तशा दिवशी कोणत्याही कलाचे पॅनेल नाममात्रच वीज देते. हिवाळ्याची बरीचशी कमाई ऑक्टोबर, फेब्रुवारी, मार्चमधल्या उघड्या दिवसांवर होते आणि त्या दिवशी चढा कलच जिंकतो. म्हणून सखल भागात ६०-७० अंशांवर थांबावे, आणि धुक्याच्या वर, डोंगरावर, पूर्ण उभे करावे.

दुसरा आक्षेप पैशाचा: पॅनेल इतकी स्वस्त झाली आहेत, तर कोनाची चिंता कशाला, दुप्पट लावावीत. पण दुप्पट पॅनेलबरोबर जूनमधला पूरही दुप्पट होतो. त्या दुपारच्या पुरासाठी इन्व्हर्टर आणि तारा मोठ्या घ्याव्या लागतात, आणि मध्य युरोपच्या बाजारात उन्हाळी दुपारी विजेचा भाव शून्याखाली जाण्याचे प्रसंग आता वारंवार येतात. अशी वीज वाढवून जानेवारीची गरज भागवणे हा महागडा मार्ग आहे.

तिसरा आक्षेप निसर्गाचा, आणि इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला बराच झुकतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये स्विस संसदेने मोठ्या आल्प्स प्रकल्पांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान देऊ केले. अट अशी, की हिवाळी सहामाहीत प्रति किलोवॉट किमान ५०० युनिटे मिळालीच पाहिजेत. अट अचूक होती, घाई मात्र नडली. पुढच्याच सप्टेंबरमध्ये वालिस प्रांताच्या मतदारांनी अशा प्रकल्पांची परवानगी झटपट करणारा प्रांतिक निर्णय फेटाळला. कोऱ्या कुरणांवर खांब रोवण्याला लोकांचा विरोध होता, तो समजण्यासारखा आहे. मोकळ्या जमिनीवर उभ्या रांगांना अंतरही खूप लागते: १९ अंशांच्या उन्हात दोन मीटर उंचीच्या रांगेची सावली जवळजवळ सहा मीटर पडते. भिंतीवर हा प्रश्नच येत नाही, तिथे एकच रांग असते. धरणे आहेत, इमारतींच्या दक्षिणेकडच्या भिंती आहेत, रस्त्याकडेचे ध्वनिरोधक आहेत. कूर शहराजवळच्या महामार्गावर १९८९ मध्येच अशा ध्वनिरोधकावर पॅनेल चढली होती.

स्विस धोरणही हळूहळू याच दिशेला वळते आहे. ७५ अंश किंवा त्याहून उभ्या पॅनेलना जादा अनुदान मिळते. २०२४ च्या जनमतकौलात मंजूर झालेल्या वीज कायद्यानुसार छोट्या उत्पादकांना मिळणारा दर २०२६ पासून त्या त्या तिमाहीच्या बाजारभावाशी जोडला जाणार, असे ठरले. उन्हाळी तिमाहीत भाव पडतो, हिवाळी तिमाहीत चढतो. हा फरक पुरेसा मोठा राहिला, तर दक्षिणेकडची रिकामी भिंत असलेल्या घरमालकाला कोनाचा हिशेब कोणी समजावून सांगावा लागणार नाही. त्याचे वीजबिलच तो सांगेल.