जुनी गाडी, नवी यंत्रे आणि न दिसणारी जोखीम

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी मोटारगाडी ही आता केवळ धनिकांची मिरासदारी राहिलेली नाही. शिक्षक, कारकून, लहान व्यापारी यांच्या दारातही गाडी उभी असते; मात्र ती पुष्कळदा दुसऱ्या हातची, दहाबारा वर्षे वापरलेली असते. नवी गाडी परवडत नाही आणि नव्या गाडीतील सोयी तर हव्याशा वाटतात. मग मधला मार्ग निघतो. जुन्याच गाडीत स्पर्शपडद्याचा नवा संच, मागचे दाखविणारा कॅमेरा, प्रखर एलईडी दिवे आणि गाडी कोठे आहे हे मोबाइलवर सांगणारे उपकरण बसवून घेतले जाते. खर्च काही हजारांचा, आणि गाडी जणू नवी! व्यवहार वरवर पाहता शहाणपणाचाच आहे. परंतु त्यात एक जोखीम दडलेली असते आणि ती पावतीवर कोठेही लिहिलेली नसते.

तारेकडून भाषेकडे

अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या काळी गाडीतील वीज ही साधी गोष्ट होती. दिव्याला एक तार, भोंग्याला दुसरी. रेडिओ बिघडला तर गाणे बंद पडे; इंजिनाला त्याची वार्ताही नसे. पुढे हे चित्र पालटले. १९८६ साली जर्मनीतील बॉश कंपनीने ‘कॅन’ नावाची व्यवस्था जाहीर केली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून इंजिन, ब्रेक, दिवे, दरवाजे यांचे छोटे संगणक परस्परांना संदेश पाठवू लागले. भारतातही २००० सालाच्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडून इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले. २०१७ साली देशभर लागू झालेल्या भारत स्टेज चार आणि २०२० साली आलेल्या भारत स्टेज सहा या प्रदूषणमर्यादांनी ही प्रक्रिया अधिकच पुढे नेली.

या व्यवस्थेचे स्वरूप एखाद्या ग्रामसभेसारखे आहे. कोणी बोलले की ते सर्वांना ऐकू जाते. प्रत्येक संदेशाला एक क्रमांक असतो. पण तो कोणी पाठविला याची सही मूळ व्यवस्थेत नसते. शिवाय कोणत्या क्रमांकाचा अर्थ काय, हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरते ठरविते. एका गाडीत ज्या क्रमांकाचा अर्थ ‘मागचा गिअर पडला’ असा आहे, त्याचाच अर्थ दुसऱ्या गाडीत सर्वस्वी निराळा असू शकतो. म्हणून ‘सर्व गाड्यांना चालते’ हे विक्रेत्याचे वाक्य दुकानदारीचे असते. तंत्राच्या दृष्टीने ते क्वचितच पूर्ण खरे असते. नवे उपकरण जोडणे म्हणजे केवळ तारेला तार जोडणे नव्हे. परस्परांची भाषा न जाणणाऱ्या दोन आज्ञावल्यांना एका घरात नांदायला लावणे होय.

ही नांदणूक बिघडली म्हणजे काय घडते? काही परिणाम किरकोळ असतात. गाडी बंद केल्यावर तिच्यातील संगणक झोपी जावेत अशी योजना असते. नवा संच त्यांना झोपू देत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली आढळते. एलईडी दिवा कमी वीज घेतो, म्हणून गाडीचा संगणक ‘दिवा गेला’ असा इशारा देत राहतो, किंवा दिवा लुकलुकू लागतो. पण सारेच परिणाम किरकोळ नसतात. २०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी एक प्रयोग केला. विमा कंपन्या वाहनाची माहिती गोळा करण्यासाठी वापरीत असलेले एक उपकरण त्यांनी गाडीच्या तपासणी-जोडणीत बसविले आणि केवळ लघुसंदेश पाठवून धीम्या गतीतील त्या गाडीच्या ब्रेकवर ताबा मिळविला. त्याच वर्षी जीप गाडीच्या करमणूक संचातून दुरून प्रवेश करता येतो, हे दोन संशोधकांनी दाखविले. तेव्हा कंपनीला अमेरिकेत सुमारे १४ लाख वाहने परत बोलवावी लागली. तो संच तर कंपनीनेच बसविलेला होता. मग ज्याच्या आज्ञावलीचा कर्ता कोण हेही ठाऊक नाही, अशा उपकरणाविषयी काय म्हणावे?

आणखी एक अडचण काळाची आहे. लोखंड गंजते ते डोळ्यांना दिसते. आज्ञावली कालबाह्य होते ती दिसत नाही. उपग्रहाधारित जीपीएस व्यवस्थेत आठवडे मोजण्याचा आकडा १०२४ झाला की पुन्हा शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ रोजी असे घडले. ज्या जुन्या उपकरणांत त्याची तरतूद नव्हती, त्यांची तारीख जवळजवळ वीस वर्षे मागे जाण्याचा धोका होता. २०२२ साली अमेरिकेत तिसऱ्या पिढीची मोबाइल सेवा बंद झाली, तेव्हा तिच्यावर विसंबून असलेल्या कित्येक गाड्यांतील दूरसंपर्काच्या सोयी निकामी झाल्या. गाड्या मात्र धडधाकट होत्या.

जोखीम कोणाच्या माथी?

येथे प्रश्न यंत्रशास्त्राचा न राहता अर्थशास्त्राचा होतो. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालातील दोष विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर चांगला माल बाजारातून हटत जातो आणि वाईट उरतो. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेरून बसविलेल्या यंत्रांच्या बाजारात हा दोष दुपटीने आहे. ग्राहकाला तर ज्ञान नसतेच. पुष्कळदा बसविणाऱ्या कारागिरालाही नसते. याचा दोष त्या कारागिराला देणे अन्यायाचे होईल. संदेशांचे अर्थ कंपन्या गुप्त ठेवतात. त्यामुळे त्याला अंदाजाने काम करावे लागते. चांगल्या आणि सुमार उपकरणांतला फरक दिसत नसल्याने स्वस्त तेच खपते, आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळत नाही.

कायद्याची दृष्टीही अद्याप बव्हंशी लोखंडावरच खिळलेली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत फेरबदल करण्यावर बंधने घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. परंतु नोंदणी पुस्तिकेत इंजिन, सांगाडा, इंधन, आसनसंख्या यांची नोंद असते; आत कोणती आज्ञावली चालते याची नसते. सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकारही २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला दिला. पण गाडी निर्दोष, उपकरणही निर्दोष आणि दोष केवळ त्यांच्या जोडणीत असेल, तर परत कोणी बोलवावे? गाडीची कंपनी उपकरणाकडे बोट दाखविते, उपकरणवाला कारागिराकडे, आणि नुकसान अखेर मालकाच्या पदरी पडते. अपघातानंतर विमा कंपनीने न कळविलेल्या फेरबदलांचा मुद्दा काढला, तर आयुष्यभराच्या बचतीवरच घाला पडतो.

बंदी नको, जबाबदारी हवी

यावर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणे ही गरिबीची खूण नसून काटकसरीची परंपरा आहे, आणि ज्यांना नवी गाडी घेणे शक्य नाही त्यांना मागचे दाखविणारा कॅमेरा मिळूच नये, असे म्हणणे सुरक्षिततेच्याही विरुद्ध जाईल. हवी आहे ती जबाबदारीची स्पष्ट वाटणी. उपकरण कोणत्या गाडीच्या कोणत्या वर्षाच्या नमुन्यावर तपासले आहे, हे विक्रेत्याने पावतीवर लिहून देणे बंधनकारक करावे. दिवे व करमणूक यांच्याशी संबंधित संदेशांचे अर्थ कंपन्यांनी दुरुस्ती करणाऱ्यांना खुले करावेत. ब्रेक व इंजिन यांच्या जाळ्यावर मात्र बाहेरच्या उपकरणाला बोलण्याची मुभाच नसावी. १९६६ पासून पुण्यात वाहनतपासणीचे काम करणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेल्या उपकरणांची यादी मराठीतून प्रसिद्ध करणे अवघड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांतही या विषयाला पुरेसे स्थान मिळाले पाहिजे.

तोवर ग्राहकाने काही पथ्ये पाळावीत. मूळ तार कापून केलेल्या जोडणीपेक्षा, पुन्हा काढता येईल अशी खटक्याची जोडणी केव्हाही बरी. तपासणी-जोडणीत एखादे उपकरण कायमचे खोचून ठेवू नये. विद्युत उपकरणांसाठी विम्यात वेगळा हप्ता भरून नोंद करता येते. ती करून घ्यावी. आणि गाडीचे ब्रेक वा इंजिन यांच्याशी ज्याचा संबंध येतो, ते काम किमतीची घासाघीस करण्याचे नव्हे. स्वस्त मिळालेल्या सोयीचे खरे मोल पावतीवर नव्हे, तर रात्रीच्या वेळी महामार्गावर कळते. आणि तेव्हा गाडीत बहुधा सारे कुटुंब बसलेले असते.