पाणी नळात बिघडते की घरात? शोध आपल्याच मुलांनी घ्यावा

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांत घरोघरी तेच दुखणे सुरू होते. कुणाचे पोट बिघडते, कुणाला कावीळ होते, तान्हे लेकरू जुलाबाने गळून जाते. दवाखान्यात ऐकावे लागते, "तुम्ही लोक स्वच्छता ठेवत नाही." वॉर्ड ऑफिसात सांगतात, "पाणी आमच्याकडून चांगलेच येते." दोन्हीकडे आपण गप्प बसतो, कारण आपल्या हातात पुरावा नसतो. हा पुरावा शाळा-कॉलेजात जाणारी आपली मुले गोळा करू शकतात.

पाणी कुठे बिघडते?

वस्तीला पाणी दिवसातून तास-दोन तास येते. नळी अनेकदा गटाराला लागून गेलेली असते. पाणी जोरात वाहते तेव्हा फुटक्या जोडातून ते बाहेर गळते. पुरवठा बंद झाला की नळीतला दाब जातो आणि त्याच फटीतून गटाराचे पाणी आत शिरते. पुन्हा पाणी सुटले की ती घाण पहिल्या धारेबरोबर आपल्या हंड्यात येते. मोटर लावून पाणी ओढले तर हा धोका वाढतो.

दुसरी जागा आपल्या घरातच आहे. पाणी तासभरच येते म्हणून ते ड्रमात, पिंपात साठवावे लागते. त्यात पेल्यासोबत हात बुडतो आणि चांगले आलेले पाणीही बिघडते.

कौला बंदरच्या तरुणांनी काय केले?

मुंबईत रे रोडजवळ समुद्रकाठी कौला बंदर ही वस्ती आहे. जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणून तिथे पालिकेचे अधिकृत नळ नव्हते. 'पुकार' या संस्थेबरोबर तिथल्याच तरुण-तरुणींनी घरोघर जाऊन माहिती घेतली, पाण्याचे नमुने तपासून घेतले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही हंगामांत १०० पैकी ९५ घरांत माणशी रोज ५० लिटरही पाणी वापरायला मिळत नव्हते. त्या पाण्यासाठी लोक पालिकेच्या दराच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होते. घरात साठवलेल्या पाण्यात जंतूही जास्त सापडले. गरिबाला पाणी फुकट मिळते, असे म्हणणाऱ्यांना या आकड्यांनी उत्तर दिले.

आपल्या वस्तीत कसे करावे?

अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' या विषयात प्रकल्प करावा लागतो. मुले पुस्तकातून उतरवून काढतात, गुण मिळतात आणि वही रद्दीत जाते. त्याऐवजी मुलांनी आपल्या गल्लीचे पाणी तपासावे.

ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपी चाचणी मांडली. ती 'एचटूएस बाटली' म्हणून मिळते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि झाकण लावून २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवायचे. विष्ठेतून आलेले जंतू असले तर ते एक वायू तयार करतात आणि पाणी काळे पडते. बाटलीच्या आत बोट लावू नये.

एका घरामागे तीन बाटल्या घ्याव्यात.

१. नळाचे पाणी, थेट धारेतून.
२. पिण्याच्या हंड्यातले पाणी.
३. उकळून गार केलेले पाणी. हीच बाटली काळी पडली, तर चाचणीत चूक झाली समजून पुन्हा करावी.

नळाची बाटली काळी पडली, तर दोष नळीत आहे. नळाची स्वच्छ राहिली आणि हंड्याची काळी पडली, तर दोष साठवणीत आहे. दोन्ही काळ्या पडल्या, तर आधी नळीचा दोष काढावा लागेल.

मुलांनी गल्लीचा नकाशा काढावा. नळ, गटार, संडास आणि गळणारे जोड दाखवावेत. ज्या घरची बाटली काळी पडली आणि ज्या घरात महिन्यात कुणाला जुलाब किंवा कावीळ झाली, तिथे खूण करावी. नावे लिहू नयेत. खुणा एकाच नळीच्या कडेने दिसल्या, तर कुठे खणायचे ते कळेल.

ही चाचणी इशारा देते, अंतिम निकाल नाही. म्हणून नकाशासह लेखी अर्ज देऊन पालिकेकडून प्रयोगशाळेत तपासणी मागावी आणि पोचपावती घ्यावी. वापरलेल्या बाटल्यांत ब्लिचिंग पावडर घालून मोठ्या माणसाने त्या टाकाव्यात आणि साबणाने हात धुवावेत.

तोवर घरात काय करावे?

पहिली धार पिण्यासाठी भरू नये. पिण्याचे पाणी खळखळ उकळावे किंवा पाकिटावर लिहिल्याप्रमाणे क्लोरीनची गोळी टाकावी. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. हंड्यावर झाकण आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. लेकराला जुलाब झाले तर ओआरएस सुरू करावे, अंगावरचे दूध थांबवू नये. लेकरू सुस्त पडले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठावा.

२०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावला. ते पाणी स्वच्छ मिळणे, हाही हक्कच आहे. यंदा मुलाची प्रकल्पवही रद्दीत घालू नका, वॉर्ड ऑफिसात घेऊन जा.