धमकीच्या निनावी ई-मेलचा माग

निनावी धमकीचा ई-मेल पाठवणाऱ्यापर्यंत पोचण्याचे काम नोंदींच्या साखळीवर चालते. मेलच्या हेडरमधली नोंद सर्व्हरपर्यंत नेते, सर्व्हरची नोंद इंटरनेट कंपनीपर्यंत आणि कंपनीची नोंद एखाद्या जोडणीपर्यंत. त्या जोडणीमागचा माणूस मात्र पोलिसांना वेगळा शोधावा लागतो. यातली एखादी नोंद मुदत संपून पुसली गेली, तर तपास तिथेच अडतो.

अशा एका मेलने काय घडते, हे गोव्याने २०२३च्या जानेवारीत अनुभवले. ९ तारखेला मॉस्कोहून गोव्याकडे निघालेल्या अझुर एअरच्या विमानात बॉम्ब असल्याचा मेल गोव्याच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला आला. २३६ प्रवासी असलेले ते विमान जामनगरच्या हवाई दल तळावर उतरवावे लागले. झडतीत काहीच सापडले नाही. २१ तारखेला रशियातल्या पर्म शहराहून येणारे याच कंपनीचे विमान गोव्यातल्या दाबोळी विमानतळाला आलेल्या मेलमुळे उझबेकिस्तानकडे वळवण्यात आले. २९ एप्रिल २०२४ रोजी तर दाबोळी विमानतळालाच बॉम्बच्या धमकीचा मेल आला.

हेडर कसा वाचतात

पडद्यावर दिसणाऱ्या नावावर तपास अधिकारी विसंबत नाहीत. मेल पाठवण्याची पद्धत १९८२ साली प्रमाणित झाली, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याची सोय तिच्यात नव्हती. त्यामुळे ‘फ्रॉम’च्या रकान्यात दुसऱ्या कोणाचाही पत्ता घालता येतो. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो, तो प्रत्येक सर्व्हर मात्र ‘रिसीव्हड’ अशी एक ओळ आधीच्या ओळींच्या वर जोडतो. प्रवासाचा क्रम म्हणूनच खालून वर वाचायचा असतो. अशा ओळीत सर्व्हरचे नाव, २०३.०.११३.४५ अशा धाटणीचा आयपी पत्ता आणि तारीख-वेळ असते. वेळेपुढे +०५३० असेल तर ती भारतीय वेळ आणि +०००० असेल तर जागतिक प्रमाणवेळ.

खालच्या ओळी पाठवणारा बनावट घालू शकतो. मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरने स्वतः लिहिलेल्या वरच्या ओळींना तो हात लावू शकत नाही. म्हणून भरवशाच्या ओळींपासून खाली उतरत जाऊन नावे, पत्ते आणि वेळा कुठे जुळेनाशा होतात ते पाहतात. जीमेलसारख्या सेवेत ब्राउझरमधून मेल पाठवला, तर पाठवणाऱ्याचा आयपी हेडरमध्ये येतच नाही. तिथे सेवा देणाऱ्या कंपनीलाच विचारावे लागते.

कंपन्यांकडच्या नोंदी

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस अशी माहिती मागवतात. खाते कधी उघडले, कोणता मोबाईल क्रमांक दिला, लॉगिन कधी आणि कोणत्या आयपीवरून झाले, हे त्यातून कळते. कंपनी परदेशी असेल आणि थेट माहिती देत नसेल, तर त्या देशाबरोबरच्या कायदेशीर साहाय्य कराराचा मार्ग उरतो, आणि त्यात महिनेच्या महिने जातात.

आयपी हाती आला की तो कोणत्या इंटरनेट कंपनीचा हे सार्वजनिक नोंदवहीतून लगेच समजते. पण मोबाईल इंटरनेटवर एकच आयपी एका वेळी अनेक ग्राहक वापरत असतात. नेमका ग्राहक काढायला पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. जागतिक वेळ भारतीय समजून पत्र धाडले, तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि भलत्याच माणसाचे नाव पुढे येते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. त्यानंतर त्या मिळतीलच असे नाही.

जोडणी आणि माणूस

आयपीवरून जोडणी कळते, गुन्हेगार नव्हे. याचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राला २००८ साली मिळाला. २६ जुलैला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना आलेल्या मेलचा आयपी नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरचा निघाला. त्याच्या वाय-फायला संरक्षण नव्हते आणि ते दुसऱ्याच कोणी वापरले होते. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचे आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरमधल्या एका कंपनीचे वाय-फाय असेच वापरले गेले. घर सापडल्यावर राउटर, संगणक, मोबाईल, सीसीटीव्ही चित्रण आणि मोबाईल टॉवरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात, त्या यामुळेच.

लपणारे कसे सापडतात

व्हीपीएन वापरल्यास पाठवणाऱ्याच्या आयपीऐवजी व्हीपीएन कंपनीचा आयपी दिसतो, तर टोर जाळे मेलची वाट अनेक संगणकांतून फिरवते. ऑक्टोबर २०२३मध्ये मुकेश अंबानी यांना खंडणीचे मेल आले, तेव्हा माग बेल्जियमकडे जात होता. मुंबई पोलिसांनी अटका केल्या त्या मात्र तेलंगण आणि गुजरातमध्ये. डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टाळण्यासाठी एका विद्यार्थ्याने टोरमधून बॉम्बचे खोटे मेल पाठवले. मेल टोरमधून आला एवढेच तपासात कळले. पण त्या वेळी विद्यापीठाच्या वाय-फायवर टोर वापरणारे कोण होते, याची नोंद विद्यापीठाकडे होती, आणि तो सापडला. जून २०२५मध्ये अहमदाबाद पोलिसांनी अनेक राज्यांत धमक्या पाठवल्याच्या आरोपावरून चेन्नईच्या एका अभियंत्याला अटक केली. खरे आणि खोटे खाते एकाच संगणकावर उघडल्याने माग लागला, असे पोलिसांनी सांगितले. तंत्र कितीही पक्के असले तरी वापरणाऱ्याच्या सवयी त्याला उघडे पाडतात.

न्यायालय आणि तक्रारदार

निनावी संदेशाने धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) खाली गुन्हा आहे. धमकीच्या मूळ शिक्षेखेरीज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेलची प्रत पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवतात. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ते मूल्य बदलते. हे कलम येण्याआधीच, जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये अशा प्रमाणपत्राची सक्ती अधोरेखित केली होती.

या साखळीची पहिली कडी मेल मिळालेल्या माणसाच्या हातात असते. त्याने मेल पुसू नये आणि उत्तर देऊ नये. साधा फॉरवर्ड केल्यास मूळ हेडर पुढे जात नाही. त्यामुळे जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून संपूर्ण संदेश फाइल म्हणून उतरवून ठेवावा. धमकी तातडीची असेल तर ११२ या क्रमांकावर लगेच फोन करावा. एरवी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार देता येते. डिचोली किंवा पेडण्यातल्या माणसाला गोवा पोलिसांच्या रायबंदर येथील सायबर विभागाकडेही जाता येते. तक्रार त्याच दिवशी दिली, तर पुढच्या सगळ्या कंपन्यांकडे नोंदी शिल्लक असताना पोलिसांचे पत्र पोचते.