महालात उतरलेली हर्णैची होडी

आषाढात नागपूरच्या महालातल्या चितारओळीत गणपतीच्या कामांना वेग आलेला असतो. त्याच भागातल्या एका जुन्या घराच्या माडीवर सध्या कॅनव्हासवर मच्छीमार होडी आकार घेते आहे. चित्रकार पन्नाशीचे, शाळेत चित्रकला शिकवणारे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब.

समोर फोटो नाही. हर्णै बंदरावर केलेलं पेन्सिलचं रेखाटन आहे आणि त्यावर बारीक अक्षरांत रंग लिहिलेले: ‘सावली जांभळट’, ‘काठावर पिवळी तिरीप’. हर्णैला मोठ्या बोटी खोल पाण्यात उभ्या राहतात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणतात आणि वाळूवरच लिलाव पुकारला जातो. या धांदलीत होडी चित्रकारासाठी थांबत नाही. माल उतरला की ती पाण्यातून वर येते आणि कडेची ओली पट्टी उघडी पडते. सरांनी नेमकी ती पट्टी पकडली आहे. पर्यटनाच्या चित्रांतली होडी बहुधा रिकामी, शोभेची असते. हिच्यातून आत्ताच ओझं उतरलंय हे दिसतं.

होडी थांबत नाही, ही अडचण व्हॅन गॉगलाही आली होती. जून १८८८ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेंत-मारी गावी कोळी भल्या पहाटे होड्या लोटत. मग त्याने किनाऱ्यावर रेखाटन केलं आणि तैलचित्र आर्लला परतून रंगवलं.

सरांच्या पॅलेटवर काळा रंग नाही. होडीच्या पोटाखालची सावली अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून येते. खालचा थर ओला असतानाच वरचा फटकारा पडतो, त्यामुळे पाण्याची कड आपोआप विरते. एकच फटकारा दोनदा गिरवला की रंग मळतो, म्हणून हात उचलून ते मागे सरतात, डोळे बारीक करून बघतात, मगच पुढचा. ओल्या थरावरची ही घाई म्हणजे अर्धवटपणा नव्हे; त्यामागे आधी बराच वेळ केलेलं बघणं असतं.

विद्यार्थ्यांना ते मोबाइलवर मोनेचं १८७२ चं ल हाव्र बंदराचं चित्र दाखवतात आणि ते कृष्णधवल करतात. नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! त्याचा उजेड भोवतालच्या आभाळाएवढाच आहे. तो उठून दिसतो तो केवळ रंगामुळे. १८७४ च्या प्रदर्शनात याच चित्राच्या नावावरून टर उडवताना एका समीक्षकाने मोने आणि त्याच्यासोबतच्या चित्रकारांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं.

पटकन रंगवण्याची ही रीत नागपूरला परकी नाही. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ इथल्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. मुंबईत गेल्यावरची त्यांची सुरुवातीची जलरंगचित्रं अशाच झपाट्याच्या हातची आहेत.

रेखाटनावर नाळेपाशी लिहिलंय, ‘हिरवा, पण कोणता?’ तेवढी जागा कॅनव्हासवर अजून कोरी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या नव्याने रंगून पाण्यात जातील, तेव्हा हर्णैला जाऊन सर तो हिरवा बघून येणार आहेत.